दारातलं पहिलं वाक्य

रात्सिंबाच्या दुकानाला दार नव्हतं. गोणपाटाचा एक पडदा होता, तोही दिवसभर बाजूला बांधलेला. आमच्या अंत्सिराबे शहरात जून-जुलैच्या हिवाळ्यात बांधावरच्या गवतावर दहिवर गोठतं, तरी त्यानं दार बसवलं नाही. मागच्या खोलीला दार होतं, पण ते तो कधी लावत नसे. बाहेरून कुणी नुसती हाक मारली, की त्याचा हात थांबायचा. चेहरा उतरायचा. ओळखीचं माणूस दिसलं की तो पुन्हा कामाला लागायचा.

मला वाटायचं, वय झालंय, दचकतो.

तो हातरिक्षांची चाकं नीट करायचा. चाक मांडीवर घ्यायचं, एकेक आरा बोटानं छेडायचा, आवाज ऐकायचा, कसायचा, पुन्हा छेडायचा. पण लोक त्याच्याकडे चाकांपेक्षा वाक्यांसाठी जास्त यायचे. आमच्याकडे कुणी काही नुसतं मागत नाही. आधी मागण्याबद्दल माफी मागायची, मग वाट मागायची, मग वस्तू. मोठ्यांपुढून नुसतं जायचं असलं तरी कमरेत वाकून, हात पुढे करून जातात. ही सुरुवात चुकली की पुढचं सगळं चुकतं, असं सगळे मानतात. म्हणून अवघड मागणं असलं की लोक रात्सिंबाकडे यायचे. पहिलं वाक्य त्याचं, पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

एकदा रिक्षा ओढणारा सुलू आला. त्याच्या मेहुण्यानं भाताचं मोठं भांडं नेलं होतं, परत देत नव्हता.

"आजोबा, मी जाऊन म्हणतो, भांडं दे."

"म्हण की. भांडं येईल, मेहुणा जाईल."

"मेहुणा गेला तर चालेल मला."

"बहिणीला विचारलंस?"

दुकानात बसलेले हसले. रात्सिंबानं एक आरा छेडला.

"असं म्हण, आमच्या चुलीला हल्ली एकटं वाटतं."

"आणि त्याला कळलंच नाही तर?"

"मग तुझी बहीण शहाणी म्हणायची, अशा माणसाबरोबर राहते."

भांडं दुसऱ्या दिवशी आलं. वर आप्प्यांची एक पुरचुंडीही आली.

राजधानीतून साहित्याची पदवी घेऊन मी परत आले होते. नोकरी नव्हती. आईच्या सायकलचं चाक घेऊन त्याच्याकडे गेले आणि मग चाक नसतानाही जाऊ लागले. तो बोलायला शिकवू लागला. लग्नाच्या मागणीत मुलाच्या बाजूनं जो उभा राहतो, त्याचं बोलणं. हे काम पुरुषांचं. हल्ली काही बायका करतात, पण आमच्या भागात कुणी नव्हती. तो म्हणाला, "तोंड आहे ना तुला? मग पुरे."

त्याच्यासारखं बोलणारा दुसरा नव्हता. पांढरी शाल खांद्यावर टाकून, गवताची टोपी छातीशी धरून तो मुलीच्या दाराशी उभा राहायचा. म्हणायचा, "तुमच्यापुढं उभा आहे तो थोरला नाही. मोठी माणसं बसलेली असताना तोंड उघडतोय. त्याचा दोष माझ्यावर येऊ नये. जे बसलेत त्यांची माफी मागतो. जे खाली निजलेत त्यांचीही मागतो."

आणि इथं तो थांबायचा.

एखादी कोंबडी अंगण ओलांडून जाईल एवढा वेळ. पोरंसुद्धा हलायची नाहीत. तो मान थोडी वळवायचा, दाराकडे कान देऊन कुणाचं काही ऐकल्यासारखी. मग पुढं बोलायचा, आणि मुलगी मिळायचीच.

त्याचे सगळे शिष्य तिथंच थांबायचे. मीही. कुणी जास्त थांबायचं, कुणी खोकून थांबायचं. आम्हाला वाटायचं, ही खुबी आहे. एकदा मी विचारलं, "आजोबा, तिथं थांबताना मनात काय आणायचं?"

तो म्हणाला, "आणायचं काही नाही. येतं."

त्याची बायको बाकुली. मी तिला लहानपणी पाहिलं होतं. उंच होती, हसताना तोंडावर हात धरायची. त्यांना मूल नव्हतं. आजारी पडली तेव्हा ती माहेरी गेली, शहरापासून चालत अर्ध्या दिवसावरच्या गावात, आणि तिथंच वारली. माहेरच्यांनी तिला आपल्या घराण्याच्या कबरीत ठेवलं. यात वावगं काही नव्हतं. बायको नवऱ्याच्या कबरीतही जाते, माहेरच्याही. दोन्ही घरं बसून ठरवतात. पण इथं कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

का, ते मला गेल्या हिवाळ्यात कळलं.

तेव्हा त्याची छाती भरली होती. पायऱ्या चढताना तो थांबायचा, आणि ते थांबणं वेगळं होतं. एका सकाळी त्यानं दुकानातल्या जुन्या टायरांमागून एक पेटी काढली. आत रेशमाचं वस्त्र होतं. तांबूस, जाड, हातमागाचं. मृतांना गुंडाळतात ते.

"तिच्यासाठी घेतलं होतं," तो म्हणाला. "मागं त्यांची कबर उघडली तेव्हा पाठवलं. परत आलं."

आमच्याकडे काही वर्षांनी हिवाळ्यात कबर उघडतात. आपल्या माणसांना बाहेर आणतात, नव्या वस्त्रांत गुंडाळतात, त्यांच्यासह नाचतात, पुन्हा आत ठेवतात. प्रत्येक वस्त्र देणाऱ्याचं नाव मोठ्यानं पुकारतात. हे कुणाकडून, तिचं कोण लागतो.

"त्यांनी विचारलं, कोण म्हणून देतोय?" रात्सिंबा म्हणाला. "नवरा म्हणवतोस, तर मागणी कधी घातलीस? मागणीसोबतचा मेंढीचा मान आमच्या घरी कधी आला?"

मला हसू आलं. मला वाटलं, तो चेष्टा करतोय. साऱ्या जिल्ह्याच्या मुली ज्यानं मागितल्या, त्यानं स्वतःची मागितली नव्हती?

"नाही मागितली," तो म्हणाला.

तो अनाथ होता. एका रिक्षावाल्याच्या अंगणात वाढलेला; घराण्यातलं म्हणून टेकडीवरची कबर तेवढी उरली होती. आपल्यासाठी आपण मागायचं नसतं, दुसऱ्यानं मागायचं असतं, आणि त्याच्यासाठी मागायला कुणी नव्हतं. तरी तो गेला होता. एकटा, उसनी शाल घेऊन. बाकुलीच्या बापाच्या बंद दाराशी उभा राहिला. आतून म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण आलंय?"

"आणि?"

"वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. एकही बरोबर वाटेना. हे म्हणावं तर उद्धट. ते म्हणावं तर भिकाऱ्यासारखं. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, कोण आलंय? मी वळलो आणि निघालो. बाकुली घरामागून धावत आली. माझ्याबरोबर चालू लागली. ना तिनं काही विचारलं, ना मी काही सांगितलं."

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा बाप वारला. त्यानंतर रात्सिंबा बोलायला शिकला.

"मी थांबतो ना," तो म्हणाला, "तेव्हा तो म्हातारा विचारतो. कोण आलंय? मी सांगतो, अमक्याचा मुलगा आलाय. तमक्याचा मुलगा आलाय. तो ऐकून घेतो. पण हलत नाही. दाराआड उभाच असतो."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. किती लग्नांत मी ते थांबणं पाहिलं होतं. त्याची नक्कल केली होती.

"आणि बाकुली?" मी विचारलं.

"ती दुसरं काही म्हणत नाही. स्वप्नात अंगणात उभी असते. म्हणते, थंडी वाजते."

आमच्याकडे मृत माणूस स्वप्नात येऊन थंडी वाजते म्हणालं, तर त्याला नवं वस्त्र द्यावंच लागतं. रात्सिंबाकडे वस्त्र होतं. द्यायचा हक्क नव्हता.

त्या हिवाळ्यात बाकुलीच्या माहेरची कबर पुन्हा उघडणार होती. ज्योतिष्यानं दिवस काढून दिला होता. त्यानंतर ती पुन्हा उघडेल तोवर रात्सिंबा राहणार नव्हता. हे त्यालाही माहीत होतं, मलाही. तेव्हाच मागणी घालून तिला त्याच्या घराण्याच्या कबरीत आणायचं, नाहीतर दोघं दोन टेकड्यांवर कायमची वेगळी.

त्यानं आपल्या चांगल्या शिष्यांना विचारलं होतं. सगळे नाही म्हणाले. मेलेल्या बाईला मागणी कशी घालणार? सुरुवात काय करणार? माफी मागायची ती कुणाची? एक जण तर म्हणाला, "आजोबा, वऱ्हाड कुठं न्यायचं, घराकडं की कबरीकडं?"

"पोरी, तू बोलशील?" रात्सिंबानं मला विचारलं.

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणायचं ते मला त्यानं शिकवलं नव्हतं.

आम्ही सकाळी निघालो. तो सुलूच्या रिक्षात, मी बाजूनं चालत. भात कापून शेतं मोकळी झाली होती. लोक मातीच्या विटा पाडत होते. भट्ट्यांचा धूर खाली बसला होता. रात्सिंबानं वस्त्राची पेटी मांडीवर घेतली होती. वाटभर मी वाक्य जुळवत होते. तो काही सुचवत नव्हता. सुलूच म्हणाला, "आजोबा, हिला एखादं वाक्य द्या की. मला भांड्यासाठी दिलंत."

"माझ्याकडे या दारासाठी वाक्य नाही," रात्सिंबा म्हणाला.

घर तेच होतं. लाल मातीचं, वर लाकडी सज्जा. दार बंद होतं, थंडीमुळे. त्यानं दाराकडे पाहिलं आणि रिक्षातून उतरेना. मी हात दिला. त्याचा हात गार होता.

घरात आता सगळ्यांत मोठी बाकुलीची थोरली बहीण, केताका. तिच्या जिभेबद्दल मी ऐकलं होतं. मी दाराशी उभी राहिले. रात्सिंबा माझ्या मागं, टोपी हातात. ज्याच्यासाठी मागणी असते त्यानं मागं उभं राहून गप्प राहायचं असतं.

आतून आवाज आला, "कुणी बोलतंय का, की नुसती थंडी आली आहे दाराशी?"

मी सुरुवात केली. "तुमच्यापुढं उभी आहे ती थोरली नाही..."

"ते दिसतंय फटीतून," केताका म्हणाली. "दुधाचे दात पडलेत का? रात्सिंबाला पुरुष मिळाला नाही वाटतं कुणी?"

आत बायका हसल्या.

"... मोठी माणसं बसलेली असताना तोंड उघडते आहे. त्याचा दोष माझ्यावर येऊ नये. जे बसलेत त्यांची माफी मागते. जे खाली निजलेत त्यांचीही मागते."

आणि मी थांबले. ठरवलं नव्हतं. सवयीनं थांबले.

आतलं हसणं बंद झालं. चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकू आलं. मग केताका म्हणाली, पण आवाज मघाचा नव्हता, खालचा होता, पुरुषासारखा जड.

"कोण आलंय?"

माझ्या मागं टोपी खाली पडली.

मला पुढचं वाक्य येत होतं. रात्सिंबाचं नाव घ्यायचं, त्याच्या कबरीचं नाव घ्यायचं. मी तोंड उघडलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला केलं. आपल्यासाठी आपण बोललं की मागणी मोडते, हे त्यानंच मला शिकवलं होतं. तो दाराशी गेला. ओठ हलले. शब्द आला नाही. सुलूनं मान फिरवली. आमच्या भागातला सगळ्यांत मोठा बोलणारा तिथं उभा होता आणि त्याला पहिला शब्द सापडत नव्हता.

दार उघडलं. केताका बुटकी होती. खालच्या ओठात तंबाखू. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्या दिवशीही असाच उभा होतास," ती म्हणाली. "मी चुलीपाशी होते. बाबा त्या कोपऱ्यात बसले होते." तिनं ईशान्येच्या, पूर्वजांच्या मानाच्या कोपऱ्याकडे हनुवटी केली. "त्यांना माहीत होतं तू येणार. बाकुलीनं आईला सांगितलं होतं. सकाळपासून चांगली शाल पांघरून बसले होते. मला म्हणाले, त्या पोराच्या बाजूनं बोलायला कुणी नाही. तो जे म्हणेल ते मला चालेल. नुसता शिंकला तरी मी हो म्हणणार आहे."

ती उंबऱ्यावर आली.

"तू शिंकलाही नाहीस, रात्सिंबा."

त्यानं चौकटीला धरलं.

"मग पुढचा सगळा हिवाळा ते दाराकडे तोंड करून बसायचे. पावलं वाजली की, कोण आलंय? वारा आला की, कोण आलंय? आई म्हणायची, अहो, डुक्कर आहे. जाताना त्यांचं तोंड दाराकडेच होतं. आणि तू? साऱ्या दुनियेच्या पोरी मागत हिंडलास. लोक येऊन सांगायचे, काय बोलतो हो रात्सिंबा! मी म्हणायचे, असेल. आमच्या दाराशी तर मुका होता."

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला. आवाज फुटलेला होता.

"तू विचारलंस कधी?"

केताका दारातून हलली नाही. मग रात्सिंबानं टोपी उचलली, छातीशी धरली आणि म्हणाला. त्यात माफी नव्हती. सुरुवात नव्हती. शाळेतला मुलगा मित्राच्या घरी जाऊन विचारतो, तसं.

"बाकुली आहे का?"

केताकानं तंबाखू थुंकली, शालीच्या टोकानं तोंड पुसलं.

"आहे," ती म्हणाली. "कुठं जाणार? खाली बाबांच्या शेजारी आहे. घेऊन जा. या वेळी सांगून जा." मग घराकडे वळून ओरडली, "अगं, ताटं वाढा. जावई आलेत. आत या जावईबापू, भात गार होतोय."

तो उंबरा ओलांडून आत गेला. अंगणात मला एकाएकी फार थंडी वाजली.

कबर उघडली त्या दिवशी बासऱ्या होत्या, ढोल होते. बाकुलीला बाहेर आणलं. तांबूस रेशमात गुंडाळलं. केताकानं स्वतः पुकारलं, "हे रात्सिंबाकडून. तिच्या नवऱ्याकडून." तिला ठेवलेल्या चटईचं एक टोक त्यानं खांद्यावर घेतलं. तिचं वजन काहीच नव्हतं, तरी तो वाकून चालत होता. त्याच्या घराण्याच्या कबरीकडं जाताना वाटेत तो तिच्याशी बोलत होता. काय, ते मला ऐकू आलं नाही.

मला वाटलं, आता तो म्हातारा दाराआडून निघून गेला असेल.

तसं झालं नाही. रात्सिंबा दुकानात बसायचा, चाक मांडीवर घ्यायचा, पण आरे छेडायचा नाही. लोक वाक्य मागायला यायचे. तो म्हणायचा, "जा. काहीही म्हण."

"काहीही म्हणजे काय, आजोबा?"

"काहीही. शिंकलास तरी चालेल."

लोकांना वाटलं, त्याचं डोकं गेलं. कुणी चिडले. एक जण म्हणाला, "बायको परत मिळाली आणि शब्द गेले." लग्नाची बोलावणी आली तर तो नाही म्हणायचा. मला एकदा म्हणाला, "पोरी, इतकी वर्षं मी बरोबर शब्द शोधत होतो. आणि तो माणूस चुकीचा शब्द घ्यायला बसला होता."

"पण ती आली ना, आजोबा. मिळाली ना."

"ती त्याच दिवशी आली होती," तो म्हणाला. "घरामागून. मागायचं राहिलं होतं ते तिच्या बापाकडे."

थंडी सरायच्या आत तो गेला. दुकानातच, बसल्या बसल्या. पडदा बाजूला बांधलेला होता.

त्याच्या कबरीपाशी बोलायला मला उभं केलं. शिष्य सगळे होते. कुणी पुढं आलं नाही. केताका आली होती, काठी टेकत. कबरीच्या तोंडावरची शिळा सरकवली होती. पायऱ्या खाली अंधारात जात होत्या. तिथं त्याच्या घराण्यातले आधीचे सगळे होते, आणि नवी म्हणून बाकुली. मृताला आत घेण्याआधी आतल्यांची परवानगी मागायची असते. माफीनं सुरुवात करायची.

मी म्हणाले, "तुमच्यापुढं उभी आहे ती थोरली नाही. त्याचा दोष..."

पुढचं मला पाठ होतं. येईना. मी थांबले. त्याच जागी नाही, आधीच. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन पायऱ्या उतरले. आतून मातीचा आणि रेशमाचा वास आला. मी वाकले आणि अंधाराला विचारलं.

"बाकुली आहे का?"

वर केताकाच्या काठीचा आवाज झाला. नंतर काहीच नाही. मी वाट पाहिली. आतून कुणी नाही म्हटलं नाही. मग आम्ही त्याला खाली नेलं.